एक नॅस, दोन नेटवर्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

खाली दवाखाना किंवा सीएचं ऑफिस, वर घर आणि दोन्हीकडे वेगळं ब्रॉडबँड, अशी मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते. फायली साठवायला मात्र एकच नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्डडिस्कची पेटी. तिच्या मागे दोन लॅन पोर्ट असले, तर एक केबल वरच्या राउटरला आणि दुसरी खालच्या राउटरला लावता येते. मात्र या जोडणीबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत, त्या तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : दोन्ही केबल लावल्या की काम झालं.
वस्तुस्थिती : खूपसे घरगुती राउटर कारखान्यातूनच 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 हा पत्ता घेऊन येतात. दोन्हीकडे 192.168.1 ची मालिका असेल, तर 192.168.1.20 ला उत्तर कुठल्या पोर्टमधून पाठवायचं हे नॅसला ठरवता येत नाही. मग एका बाजूला फोल्डर उघडतो आणि दुसरीकडे नुसतं चक्र फिरत राहतं. त्यामुळे आधी एका राउटरचा पत्ता 192.168.2.1 करा. प्रिंटर, कॅमेरे यांना कायमचे पत्ते दिलेले असतील तर तेही बदलावे लागतात, म्हणून अशी उपकरणं कमी असलेली बाजू निवडा. मग, दवाखान्याची बाजू बदलली असेल तर, नॅसला घराच्या बाजूला 192.168.1.50 आणि दवाखान्याच्या बाजूला 192.168.2.50 असे पत्ते राखून ठेवा. ज्याने त्याने आपल्या बाजूचा पत्ता वापरायचा.

गैरसमज : नॅसमुळे दोन्ही नेटवर्क एकमेकांना जोडली जातात.
वस्तुस्थिती : नॅस दोन्हीकडे हजर असतो, पण मूळ सेटिंगमध्ये तो एका बाजूचा डेटा दुसरीकडे पुढे ढकलत नाही. घरातल्या लॅपटॉपवरून दवाखान्यातला प्रिंटर दिसणार नाही. नेटवर्क वेगळी ठेवून फायली तेवढ्या सामाईक करायच्या असतील, तर हवं तेही हेच.

गैरसमज : त्यापेक्षा दोन्ही राउटर केबलने जोडावेत.
वस्तुस्थिती : दोन्ही राउटरांच्या लॅन पोर्टांमध्ये केबल टाकली, की वेगळेपणच संपतं. पत्ते वाटणाऱ्या दोन डीएचसीपी सेवा एकाच नेटवर्कमध्ये येतात आणि कुठल्या उपकरणाला कोणाकडून पत्ता मिळेल याचा नेम राहत नाही.

गैरसमज : दोन पोर्ट, म्हणजे दुप्पट वेग.
वस्तुस्थिती : एका गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण 110 मेगाबाइट जातात. दोन पोर्टांची मोट बांधण्याची लिंक अॅग्रिगेशन ही सोय वेगळी. त्यासाठी दोन्ही केबल सहसा एकाच स्विचला जोडाव्या लागतात. वेगवेगळ्या नेटवर्कना गेलेल्या केबलींचा वेग एकत्र होत नाही.

गैरसमज : एक इंटरनेट बंद पडलं तर नॅस आपोआप दुसरं वापरेल.
वस्तुस्थिती : स्थानिक नेटवर्क दोन असली, तरी बाहेर जाण्यासाठी नॅस एका वेळी सहसा एकच मुख्य गेटवे वापरतो. तो कुठल्या बाजूचा हे आपण ठरवायचं. अपडेट आणि क्लाउड बॅकअप तिथूनच जातात. इंटरनेटवरून नॅसपर्यंत पोचण्यासाठी दुसऱ्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तर विनंती एका दाराने आत येते आणि उत्तर भलत्याच दाराने बाहेर पडू पाहतं, म्हणून जोडणी होत नाही. काही मॉडेलांत एकाहून अधिक गेटवेची सोय असते, पण ती चालू करावी लागते.

गैरसमज : नेटवर्क वेगळी, म्हणजे डेटा सुरक्षित.
वस्तुस्थिती : सर्वांत महागात पडणारी समजूत हीच. नॅसच्या सेवा बहुधा दोन्ही पोर्टांवर उघड्या असतात. घरातल्या एखाद्या संगणकात रॅन्समवेअर शिरलं आणि त्या वापरकर्त्याला दवाखान्याच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी असली, तर रुग्णांच्या नोंदीही कुलूपबंद होतात. त्यावर उपाय म्हणजे घराला आणि दवाखान्याला वेगळे वापरकर्ते, फोल्डरनिहाय परवानग्या, प्रत्येक पोर्टसाठी फायरवॉलचे वेगळे नियम आणि नॅसचं अॅडमिन पान एकाच बाजूने उघडेल अशी व्यवस्था. याशिवाय नॅसबाहेर एक बॅकअप हवाच.

केबल लावण्याचं काम दोन मिनिटांचं आहे. वेगळे पत्ते, एक गेटवे आणि चोख परवानग्या या तीन गोष्टी आधी कागदावर मांडा, मगच दुसरी केबल लावा.