छायाचित्रावरून पिकअप वाहनाचे निर्मितीवर्ष ओळखणे

छायाचित्रावरून पिकअप वाहनाचे निर्मितीवर्ष ओळखणे म्हणजे वाहनाची ठेवण, बोधचिन्ह, क्रमांकपट्टी आणि बांधणीतील बदल पाहून त्याच्या उत्पादनाचा काळ ठरविणे होय. जुन्या वाहनांची खरेदी, विमा आणि स्थानिक इतिहासातील छायाचित्रांचे कालनिर्धारण यांसाठी या पद्धतीचा उपयोग होतो. छायाचित्रातून बहुधा नेमके वर्ष मिळत नाही. वाहन कोणत्या वर्षाच्या आधीचे वा नंतरचे असू शकत नाही, एवढ्या मर्यादा मात्र मिळतात.

तीन वेगळी वर्षे

बोलीभाषेत ‘२००८ चे मॉडेल’ असे म्हटले जाते, तेव्हा उत्पादनाचे वर्ष, नोंदणीचे वर्ष आणि त्या आवृत्तीच्या आगमनाचे वर्ष यांत गल्लत होते. डिसेंबरमध्ये तयार झालेले वाहन जानेवारीत नोंदले गेल्यास विक्रेता नोंदणीचे वर्ष सांगतो. हा फरक क्षुल्लक नाही. विम्यातील घोषित मूल्य वाहनाच्या वयानुसार घटते. मालवाहू वाहनांना आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि १५ वर्षांनंतर त्याचे शुल्कही वाढते. म्हणून एका वर्षाची चूक खरेदीदाराच्या खिशाला लागते.

क्रमांकपट्टी

महाराष्ट्रातील छायाचित्रांत सर्वांत बोलका पुरावा क्रमांकपट्टीचा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला. त्याआधी राज्यातील क्रमांक ‘एम’ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे असत, पुढे ‘एमएच’ व जिल्ह्याचा अंक अशी पद्धत आली. एमएच-२९ हा यवतमाळचा संकेतांक आहे. उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावात मात्र त्याच्या जोडीला पैनगंगेपलीकडील नांदेडचा एमएच-२६ आणि हिंगोलीचा एमएच-३८ हे क्रमांकही दिसणे स्वाभाविक आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे एमएच-३८ हा क्रमांक त्यापूर्वीचा असू शकत नाही.

पट्टीच्या रंगाचाही उपयोग होतो. खासगी वाहनांवर पूर्वी काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे असत. २००१ च्या सुमारास खासगी वाहनांसाठी पांढरी व मालवाहू वाहनांसाठी पिवळी पट्टी आली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पट्टी बंधनकारक झाली. पुढे जुन्या वाहनांनाही ती लावण्यात आल्याने या पट्टीवरून वाहनाचे वय ठरत नाही, केवळ छायाचित्राचा काळ कळतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परराज्यातून आणलेल्या वाहनाची महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी होते आणि त्याला नवा क्रमांक मिळतो. जुनी गाडी अशा वेळी तरुण भासते.

ठेवण आणि नाव

महिंद्रच्या एफसी-१५० या वाहनात चालकाची खोली इंजिनाच्या वर असल्याने पुढे बॉनेट नसते. भारतात ते १९६५ मध्ये आले. बजाज टेम्पोचे मॅटाडोर १९६९ चे, टाटामोबाइल २०६ हे १९८८ चे, तर टाटा एस २००५ चे. ही आरंभवर्षे असल्यामुळे त्यांतून केवळ खालची मर्यादा मिळते, कारण भारतीय उत्पादक एकच ठेवण दीर्घकाळ चालू ठेवत आले आहेत. अमेरिकेत १९६० च्या दशकात बंद झालेली उंच बॉनेटची सीजे-३बी जीप भारतात त्यानंतरही बनत राहिली. परदेशी पुस्तकांतील वर्षे येथे जशीच्या तशी लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

कंपनीचे नाव अधिक उपयोगी पडते. ‘टेल्को’चे ‘टाटा मोटर्स’ हे नामांतर २००३ मधील, तर ‘बजाज टेम्पो’चे ‘फोर्स मोटर्स’ हे २००५ मधील. उत्पादकाच्या पट्टिकेवर जुने नाव असल्यास वरची मर्यादा निश्चित होते.

ग्रामीण भागातील पिकअपचे दिवे, जाळी, आरसे आणि बोधचिन्हही गरजेनुसार बदललेले असते. हौदा व फाळका तर पुष्कळदा स्थानिक कारागिराने नव्याने बांधलेला असतो. त्यामुळे सहज न बदलणारे भाग, म्हणजे चालकाच्या खोलीचे छत, काचेची चौकट आणि दारांची रेषा, आधी पाहावेत. चकाकणाऱ्या नव्या जाळीवर विसंबून वर्ष सांगणे हा यातील सर्वांत सामान्य दोष आहे.

चासी क्रमांक

अंतिम निर्णय नोंदणी प्रमाणपत्रातील उत्पादनाचा महिना व वर्ष आणि चासीवर कोरलेला क्रमांक यांवरच घ्यावा. छायाचित्रे मागविताना या क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र मागणे हिताचे असते. १७ अक्षरांच्या क्रमांकात अनेक उत्पादक, परंतु सर्व नव्हेत, दहावे अक्षर वर्षासाठी वापरतात. त्या पद्धतीत ‘वाय’ म्हणजे २०००, ‘१’ ते ‘९’ म्हणजे २००१ ते २००९. हे चक्र ३० वर्षांनी पुन्हा सुरू होत असल्याने ‘ए’ हे अक्षर १९८० चे असू शकते तसेच २०१० चेही. अशा ठिकाणी दोहोंपैकी कोणते वर्ष ग्राह्य, हे वाहनाच्या ठेवणीवरून ठरते.