आजी का असते? उत्तर शोधायला शास्त्रज्ञ देवमाशांपर्यंत का गेले?

देहूरोडच्या एखाद्या सोसायटीत दुपारी डोकावून बघा. आईची शिफ्ट चाकणला, बाबांची तळेगावला आणि घरी नातवंडं सांभाळायला गावाकडून आलेली आजी. ती चार दिवस गावी गेली तरी घराचं गणित कोलमडतं.

पण जीवशास्त्राच्या नजरेतून आजी हे एक कोडं आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या जवळपास मरेपर्यंत पिल्लं देतात. बाईची पाळी मात्र पन्नाशीच्या आसपास थांबते आणि त्यानंतरही ती कित्येक वर्षं जगते. असं का?

आदिमानवाकडून याचं उत्तर मिळणं अवघड आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडी नदीकाठी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. पण दगड टिकतो, कंद खणायची काठी कुजून जाते. नातवाला कोणी भरवलं याचा तर काहीच पुरावा उरत नाही.

मग शास्त्रज्ञांनी दोन वाटा धरल्या.

पहिली वाट टांझानियातल्या हाडझा लोकांची. ही आजचीच माणसं, पण त्यांच्यातले बरेच जण शिकार, कंदमुळं आणि मधावर जगत आले. १९८०च्या दशकात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास सुरू केला. म्हाताऱ्या बायका तासन्‌तास कंद खणताना त्यांना दिसल्या. घरात नवं बाळ आलं की मोठ्या मुलाचं वजन वाढणं आजीच्या कष्टाशी जोडलेलं होतं. यातून 'आजीचा सिद्धांत' पुढे आला. आजीमुळे नातवंडं जगली, म्हणून लांब आयुष्य पुढच्या पिढ्यांत उतरत गेलं, असं तो सांगतो. सगळ्या शास्त्रज्ञांना तो पटलेला नाही.

दुसरी वाट समुद्रातली. अमेरिका आणि कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर १९७०च्या दशकापासून एकेका ऑर्काची नोंद ठेवली जाते. पाठीवरचा पर आणि डाग यांवरून प्रत्येक ऑर्का ओळखता येतो. तिथल्या माद्या चाळिशीच्या आसपास पिल्लं देणं थांबवतात, पण काही जणी साठी-सत्तरीच्याही पुढे जगतात.

२०१५च्या अभ्यासात दिसलं, की सामन मासे कमी असलेल्या वर्षी या म्हाताऱ्या माद्याच कळपाच्या पुढे असतात. २०१९च्या अभ्यासानुसार आजी मेल्यावर पुढच्या दोन वर्षांत नातवंडाच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

माणूस आणि देवमासा यांचा समान पूर्वज साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे दोघांकडे 'आजी' वेगवेगळी घडली, पण काम सारखंच दिसतं.

म्हणूनच समुद्रातली म्हातारी मादी गेली, तर फक्त एक प्राणी कमी होत नाही. मासे कुठे मिळतील हे ठाऊक असणारी, कळपाला वाट दाखवणारीच जाते.

आणि आपल्याकडे? पुढच्या वेळी कोणी "आजी काय, घरीच तर असते" म्हणालं, तर त्याला ऑर्काची गोष्ट सांगा.