पहिला डीएसएलआर घेताय? बॉडीवर कमी, लेन्सवर जास्त!

आपल्या पॉडकास्टच्या या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीये. आकडे मात्र नीट लिहिलेत, कारण एफ-नंबर वगैरे गोष्टी नुसत्या कानाने कळत नाहीत अशी तुमची तक्रार होती.

तर विषय सुरू झाला एका फोन कॉलपासून. माझा मावसभाऊ सांगलीला असतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत एका फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नांना जातो. लाइट धर, बॅग सांभाळ, असली कामं. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला.

“दादा, तीस हजार साठलेत. दुकानात कॉम्बो ऑफर आहे, बत्तीसला देतोय. उद्या संपतेय. घेऊ का?”

मी म्हटलं, “थांब. ऑफर कायम उद्याच संपते.”

त्याला तुळशीच्या लग्नानंतर हळदी, साखरपुडे अशा छोट्या ऑर्डर स्वतः घ्यायच्या होत्या. हे तीस हजार दीड वर्षाच्या कामातून साठलेले. चुकीचा कॅमेरा आला तर दुसरा घ्यायला पैसे नव्हते. आणि मी त्याला थांबवलं, कारण नेमकी तीच चूक मी आधी करून बसलोय.

माझी एक्सेल शीट आणि ताईची हळद

नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी मी डीएसएलआर घेतला. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी एक्सेल शीट केली. रकाने काय, तर मेगापिक्सेल, झूम, स्क्रीनचा आकार, सोबत फुकट काय मिळतं. ज्याला सगळ्यात जास्त मार्क तो कॅमेरा घेतला. बॉडी, दोन झूम लेन्स, बॅग, ट्रायपॉड, मेमरी कार्ड. जगज्जेता झाल्यासारखं वाटत होतं.

दोन महिन्यांनी ताईची हळद होती. संध्याकाळची वेळ, घराच्या पडवीत, एक ट्यूबलाइट आणि मांडवाचे पिवळे बल्ब. फ्लॅश लावला की सगळ्यांचे चेहरे पिठासारखे पांढरे. फ्लॅश बंद केला की सगळं हललेलं. आजी ताईच्या गालाला हळद लावतेय, तो एकच फोटो मला मिळाला. त्यात आजीचा हात म्हणजे नुसता पिवळा फराटा आहे. आजी आता नाही. दुसरा फोटो काढायची सोय नाही.

खूप दिवसांनी त्या फाइलची माहिती उघडून पाहिली. प्रत्येक डिजिटल फोटोत सेटिंग साठवलेली असतात. त्यात होतं: लेन्स ५५ मिमीवर, एफ ५.६, शटर १/१५ सेकंद, आयएसओ १६००. एक ओळ, आणि चूक कुठे झाली ते कळलं. आजचा सगळा भाग मी या एका ओळीवरूनच समजावणार आहे.

ती ओळ वाचायची कशी?

फोटो म्हणजे सेन्सरवर पडलेला उजेड. तो तीन गोष्टींवर ठरतो. शटर किती वेळ उघडं राहतं, लेन्समधलं छिद्र किती मोठं आहे, आणि आयएसओ, म्हणजे मिळालेला सिग्नल किती वाढवायचा. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, रंग मळतात.

१/१५ सेकंद म्हणजे शटर फार वेळ उघडं. तेवढ्या वेळात आजीचा हात हलला. माणसं हालचाल करत असतील तर निदान १/१२५ सेकंद हवं. मग कॅमेऱ्याने ते का घेतलं नाही? कारण लेन्सचं छिद्र त्याहून मोठं होतच नव्हतं.

एफ-नंबर म्हणजे एक भागाकार. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमीची लेन्स एफ ५.६ वर असेल तर छिद्र साधारण ९ मिमीचं. तीच एफ १.८ वर असेल तर साधारण २८ मिमीचं. म्हणून आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. उजेड क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे व्यासाच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा. उत्तर येतं जवळपास साडेनऊ पट.

आता हळदीचं गणित परत करा. पडवी तीच, बल्ब तेच, आयएसओ तोच. फक्त लेन्स ५० मिमी एफ १.८. शटर १/१५ वरून साधारण १/१४५ वर गेलं असतं. हात स्पष्ट आला असता.

तुम्ही म्हणाल, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असतं ना? असतं. पण ते तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं. समोरच्याचा हात थांबवत नाही. इमारतीच्या फोटोला उपयोग, हळदीला नाही.

कॉम्बोमधल्या माझ्या दोन्ही लेन्स लांब टोकाला एफ ५.६ च्याच होत्या. म्हणजे मी एकच अडचण दोनदा विकत घेतली होती.

मेगापिक्सेलचं काय?

१८ मेगापिक्सेलचा फोटो ५१८४ × ३४५६ पिक्सेलचा असतो, २४ चा ६००० × ४०००. आकडा ३३ टक्क्यांनी वाढला, पण फोटोची रुंदी जेमतेम १६ टक्क्यांनी. लग्नाच्या अल्बममध्ये नेहमी दिसणारं १२ × १८ इंचाचं पान घ्या. १८ मेगापिक्सेलचा फोटो त्यावर इंचाला २८८ पिक्सेल देतो. छपाईसाठी ३०० चांगले मानतात. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. आणि इन्स्टाग्रामवर तर फोटो याहून कितीतरी लहान होऊनच जातो. त्यामुळे जुन्या १८ मेगापिक्सेलच्या बॉडीला नाक मुरडू नका.

पण आज डीएसएलआर घ्यावाच का?

प्रामाणिक उत्तर: सगळ्यांनी नाही. ट्रेक, कॉलेजचे रील्स, दिवसाउजेडीचे फोटो यांना तुमचा फोन पुरतो. डीएसएलआरचा सेन्सर मोठा असतो. कॅननच्या साध्या डीएसएलआरमध्ये तो २२.३ × १४.९ मिमी. फोनमधला मोठा म्हणावा असा १/१.३ इंची सेन्सर धरला तरी त्याच्या साधारण साडेचार पट. शिवाय लेन्स बदलता येते, आणि बटण दाबलं की लगेच फोटो निघतो. अंधारातले लोक, हालचाल, छापायचे फोटो, पैसे घेऊन केलेलं काम, यातलं काही असेल तरच पुढे वाचा.

दुसरा प्रश्न मिररलेसचा. डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो, तो लेन्समधलं दृश्य वर तुमच्या डोळ्यापर्यंत पाठवतो. मिररलेसमध्ये आरसा नाही, सेन्सरवरचं दृश्य थेट स्क्रीनवर. कॅननने आर आणि निकॉनने झेड ही मोठ्या सेन्सरची मिररलेस मालिका २०१८ मध्ये आणली, आणि कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं. धंदेवाईक फोटोग्राफर डीएसएलआर विकायला लागले. आपला फायदा इथेच आहे. चांगल्या बॉडी आणि लेन्स सेकंड हँड बाजारात कमी भावात मिळतात. कॅननच्या ईएफ लेन्स पुढे ॲडॅप्टर लावून आर मालिकेच्या कॅमेऱ्यावर चालतात, त्यामुळे लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

दुकानदार सांगत नाही अशा तीन गोष्टी

एक, निकॉनची मोटर. निकॉनच्या डी३३००, डी३५००, डी५३००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्समध्येच मोटर हवी. स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिमी एफ १.८डी लावली तर फोटो निघेल, पण फोकस हाताने करावा लागेल. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलेलं बघा. डी७१००, डी७२०० मध्ये मोटर असते.

दोन, फ्लॅशची पिन. कॅनन १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिनच दिलेली नाही. साधे, एकाच पिनवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. ज्याला हळदी-साखरपुडे करायचेत, त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. विकत घेण्याआधी खाचेत डोकावून बघा.

तीन, व्हिडिओ. आरशातून बघताना फोकस झटपट होतो, पण स्क्रीनवर बघून शूट करताना बऱ्याच जुन्या डीएसएलआरचा फोकस पुढे-मागे चाचपडत बसतो. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर कॅनन २००डी बघा. त्यात ड्युअल पिक्सेल फोकस आणि फिरणारी टच स्क्रीन आहे.

सेकंड हँड घेताना

आपलं मेमरी कार्ड सोबत न्या. फोटो काढा, घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघा, मग पैसे द्या. मुंबईत सीएसएमटीजवळ फोर्ट भागात बरीच कॅमेऱ्याची दुकानं आहेत. काही दुकानदार जुन्या मालावरही थोडे महिने गॅरंटी देतात, ती बिलावर लिहून घ्या.

शटर काउंट विचारा. गाडीचं किलोमीटर असतं तसं. निकॉनच्या साध्या बॉडींचं शटर १ लाख फोटोंपर्यंत तपासलेलं असतं. निकॉनच्या मूळ फाइलमध्येच हा आकडा सापडतो, कॅननला सहसा केबल जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो.

लेन्स काढून तिच्यातून फोनचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. स्वस्त दिली तरी घेऊ नका.

मग एफ १६ ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण भाव करायला कारण मिळतं. शेवटी बिल आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर जुळवा. जुळत नसेल तर चहा पिऊन परत या.

तीस हजाराचा हिशेब

कॉम्बो सोडून दिला. दोन रविवार फिरून भावाने काय घेतलं ते सांगतो. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यामुळे आकड्यांपेक्षा वाटणी बघा.

कॅनन ७००डी, सेकंड हँड, १८-५५ किट लेन्ससकट: १८,५०० रुपये.
कॅनन ५० मिमी एफ १.८ एसटीएम, सेकंड हँड: ५,५०० रुपये.
साधा मॅन्युअल फ्लॅश: २,८०० रुपये.
नवीन मेमरी कार्ड आणि जास्तीची बॅटरी: १,६०० रुपये.
ब्लोअर, हवाबंद डबा, सिलिका जेल: ६०० रुपये.

एकूण २९,०००. बॉडी जुनी आहे, १८ मेगापिक्सेलची, पण तिला फ्लॅशची मधली पिन आहे. किट लेन्स मुद्दाम ठेवली. कॅननच्या या बॉडीवर ५० मिमी लेन्स ८० मिमीसारखी दिसते, म्हणजे चेहऱ्यांना झकास, पण छोट्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला टेकते. ग्रुप फोटोला १८ मिमीच हवं. फ्लॅश चेहऱ्यावर मारायचा नाही, पांढऱ्या छताकडे वळवायचा. उजेड वरून मऊ पडतो.

तुमचं बजेट याहून कमी असेल तर आधी फ्लॅश वगळा, मग जास्तीची बॅटरी. ५० मिमी वगळू नका. आणि ईएमआयवर तर अजिबात घेऊ नका. शंका असेल तर एक दिवस भाड्याने आणा. एका हळदीत जे कळतं, ते वीस रिव्ह्यू बघून कळत नाही.

मागच्या आठवड्यात भावाने पहिल्या ऑर्डरचे फोटो पाठवले. बरेचसे गंडलेत. एफ १.८ ला फोकसची जागा इतकी पातळ असते की नाकावर फोकस आणि डोळे धूसर, असं झालंय. मी त्याला सांगितलं, एफ २.५ ठेव आणि आयएसओ ३२०० कर, शटर तेवढंच मिळेल. पुढच्या खेपेला जमेल. पण त्यात एक फोटो आहे, नवरीची आई तिच्या कपाळाला हळद लावतेय. बोटांवरची हळदसुद्धा वेगळी दिसते.

मी आधी त्या फोटोची माहिती उघडली. १/१६० सेकंद. मग फोटो परत एकदा बघितला.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमचं बजेट किती आणि फोटो कशाचे काढायचेत, हे दोन्ही लिहून पाठवा. नुसतं “कुठला कॅमेरा घेऊ?” विचारलंत तर मी उलट प्रश्नच विचारणार. भेटू पुढच्या भागात!