पॉमच्या कार्डावरची रिकामी चौकट

लसीकरणाचं कार्ड बहुतेक घरांत औषधांच्या डब्यातच सापडतं. कडा मऊ झालेल्या, आत लसीच्या बाटलीवरून सोलून चिकटवलेली छोटी स्टिकरं, शेजारी डॉक्टरांची सही आणि शेवटच्या रकान्यात पुढची तारीख. कार्ड नऊ वर्षांच्या, साडेचार किलोच्या पॉमेरेनियनचं, म्हणजे पॉमचं असेल, तर डब्यात आणखीही काही असतं. हृदयाच्या झडपेसाठी सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, त्या अर्ध्या करायचं कटर, खोकल्याचं औषध. समजा, मागच्या वर्षी इंजेक्शननंतर तासाभरात त्याचं तोंड सुजलं होतं, डोळे मिटायला आले होते. आता पुढची तारीख उलटून पंधरा दिवस झालेत. आजी म्हणते, "एवढासा जीव, कशाला टोचताय त्याला?" नातू म्हणतो, "आजी, आणि रेबीजचं काय?"

दोघांचंही म्हणणं खरं आहे. अडचण आहे ती प्रश्नात. 'लस द्यायची की नाही' असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच उरतं. प्रत्यक्षात 'लस' ही एक गोष्ट नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर नीट पाहिलं तर हे डोळ्यांनाच दिसतं. एका छोट्या बाटलीच्या तळाशी पांढरी, ठिसूळ वडी असते. ती डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या रोगांच्या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची. दुसऱ्या बाटलीत द्रव असतो. तो सुईनं ओढून पहिल्या बाटलीत सोडला की वडी क्षणात विरघळते. बऱ्याच लसींत हा द्रव म्हणजे नुसतं पाणी नसतं, ती लेप्टोस्पायरोसिसची लस असते. 'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' ही नावं अशा एकत्रित लसींचीच. रेबीजची बाटली वेगळी असते आणि तिच्यातला विषाणू मारलेला असतो. म्हणजे एका भेटीत कुत्र्याला काय मिळणार, हे डॉक्टर आणि पालक मिळून ठरवू शकतात. वडी साध्या निर्जंतुक द्रवात विरघळवून लेप्टो वगळताही येतो किंवा नंतर देता येतो.

छोट्या कुत्र्यांसाठी ही मोकळीक किती मोलाची आहे, ते २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून कळतं. पर्ड्यू विद्यापीठाचे जॉर्ज मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दवाखानासाखळीच्या दोन वर्षांच्या नोंदी तपासल्या. कुत्रे होते १२,२६,१५९. त्यांपैकी ४,६७८ जणांना लसीनंतरच्या तीन दिवसांत काही ना काही त्रास झाला होता. दर दहा हजारांत अडतीस, म्हणजे हजारातल्या ९९६ कुत्र्यांना काहीच झालं नाही. आजीला हा आकडा आधी सांगायला हवा.

पण अभ्यास तिथे थांबला नाही. वजन जितकं कमी, तितका धोका जास्त, असं त्यात स्पष्ट दिसलं. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्यांमध्ये एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लसीमागे त्रासाची शक्यता २७ टक्क्यांनी वाढत होती. बारा किलोंपेक्षा मोठ्या कुत्र्यांत ही वाढ १२ टक्के होती. डॅशुंड, पग, बोस्टन टेरियर, मिनिएचर पिन्शर आणि चिहुआहुआ या जातींत त्रास सर्वांत जास्त आढळला. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पग घरोघरी आहे. त्याचं नाक मुळातच आखूड, श्वास आधीच घुसमटलेला. अशा कुत्र्याचं तोंड सुजणं म्हणजे केवळ दिसायला वाईट असं नसतं.

यामागचं एक कारण साधं आहे. मात्रा सगळ्यांना सारखीच असते, दोन किलोच्या चिहुआहुआला आणि साठ किलोच्या ग्रेट डेनलाही. लसीसाठी विषाणू वाढवताना गाईच्या रक्तद्रवाचा वापर होतो, त्यातल्या प्रथिनांचे अंश लसीत उरतात आणि काही कुत्र्यांना त्यांचीच अ‍ॅलर्जी येते, असं जपानमधल्या संशोधनात दिसलं. मग अर्धीच मात्रा द्यावी, असं कोणालाही वाटेल. तसं करू नये. परवाना मिळताना लसीची परीक्षा पूर्ण मात्रेवर झालेली असते, आणि प्रतिकारशक्ती जागी व्हायला विषाणूचा ठरावीक अंश लागतोच. अर्ध्या मात्रेनं कुत्रा राहतो अर्धवट सुरक्षित आणि कार्डावर मात्र पूर्ण स्टिकर लागतं.

आता आजारांकडे. ताप, जुलाब, उलट्या असतील तर लस पुढे ढकलायची, यात दुमत नाही. पण औषधांनी स्थिर असलेला हृदयाचा, थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा कुत्रा लसीला अपात्र ठरत नाही. उलट त्याला पार्व्हो झाला तर तो तगून निघणं निरोगी कुत्र्यापेक्षा कठीण. खरी सावधगिरी लागते ती मोठ्या मात्रेत प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन किंवा कर्करोगाची औषधं घेणाऱ्या कुत्र्यांत. त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून त्यांना जिवंत विषाणूंची लस टाळतात. स्वतःच्याच रक्तपेशी नष्ट करणारा आजार झालेल्या कुत्र्यांबाबतही डॉक्टर हात राखून असतात. १९९६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे काही रुग्ण लसीनंतर महिनाभरात आजारी पडल्याचं दिसलं होतं. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा संबंध सापडला असं नाही, पण अशा कुत्र्याला गरजेपलीकडची लस देऊ नये, हा धडा मात्र टिकला.

गरजेपलीकडची म्हणजे कोणती? इथे पालकांना सर्वांत मोठा दिलासा आहे. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस यांची लस पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत आणि मग एकदा बूस्टर अशी नीट दिली, तर तिचं संरक्षण वर्षभरात संपत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रोनाल्ड शुल्ट्झ यांनी कित्येक वर्षं हे तपासलं. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना, 'वसावा', प्रौढ कुत्र्याला या तीन रोगांची लस तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देऊ नये असंच सांगते. शिवाय रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी टायटर चाचणी आहे. तिच्यात संरक्षण शिल्लक दिसलं तर नऊ वर्षांच्या आजारी पॉमला ती पांढरी वडी यंदा टोचायची गरजच नाही. ही चाचणी लेप्टोसाठी मात्र उपयोगाची नाही.

लेप्टोचा निर्णय कुत्र्याच्या पायांवरून घ्यावा. उंदरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं लेप्टोचा तडाखा माणसांमध्येही पाहिला. पावसाळ्यात डबक्यांतून फिरणाऱ्या, कोकणात अंगणभर हुंदडणाऱ्या कुत्र्याला ही लस हवीच. ती दर वर्षी, शक्यतो जूनच्या आधी द्यावी. बाल्कनीतल्या पॅडवरच सगळं उरकणाऱ्या आणि लसीचा त्रास झालेल्या पॉमबाबत डॉक्टर ती बाजूला ठेवू शकतात.

रेबीजचं तसं नाही.

तो एकदा लक्षणांसह दिसला की कुत्र्यालाही वाचवता येत नाही आणि माणसालाही जवळजवळ कधीच नाही. देशात वर्षाला सुमारे ५,७०० माणसं रेबीजनं मरतात, असा आयसीएमआरच्या अलीकडच्या पाहणीचा अंदाज आहे. "आमचा कुठे बाहेर जातो?" असं म्हणणाऱ्या घरातही जिन्यात भटका कुत्रा येतो, दार एकदा उघडं राहतं. पॉमला चावा बसला आणि त्याची लस झालेली नसेल, तर घरातल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागतो. गोव्यात 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकारनं घराघरांत आणि रस्त्यारस्त्यांवर कुत्र्यांना टोचत नेलं, तेव्हा माणसांमधला रेबीज तिथे जवळजवळ थांबला. महाराष्ट्राच्या शेजारीच हे घडलं आहे. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढतानाही रेबीजचं प्रमाणपत्र मागितलं जातं. जीवघेणी अ‍ॅलर्जी आधी येऊन गेलेला कुत्रा हाच काय तो अपवाद, आणि तोही तज्ज्ञांनीच ठरवायचा. त्याला सगळ्या भटक्या कुत्र्यांपासून कायम जपावं लागतं.

मग तोंड सुजलेल्या पॉमचं काय करायचं? एका दिवशी एकच लस. दोन लसींमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर. वेळ सकाळची, दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा असेल अशा दिवशीची. मूर यांच्या अभ्यासात जवळपास तीन-चतुर्थांश त्रास त्याच दिवशी दिसले होते. इंजेक्शनआधी अ‍ॅलर्जीचं औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावरच थांबावं. घरी आल्यावर चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, वारंवार उलट्या झाल्या किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर फोन करत बसू नये, थेट उचलून न्यावं.

सर्वांत महत्त्वाचं काम पालकांच्या हातात आहे. मागच्या वर्षी कोणती लस दिली आणि किती वेळात काय झालं, हे कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहा. सुजलेल्या तोंडाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही दाखवा. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी नव्या टेबलावर सुई भरण्याआधी ते पान वाचलं जाईल. आणि यंदा तारीख उलटली असेल, तर निदान रेबीजसाठी या आठवड्यातली एक सकाळ राखून ठेवा.