गुडघ्याला दोष देण्यापूर्वी आसन तपासा

साठी-सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांसाठी मुले मोठ्या हौसेने व्यायामाची सायकल घरी आणतात. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्या आठवड्यात गुडघे कुरकुरू लागतात आणि महिनाभरात त्या सायकलीवर ओले टॉवेल वाळू लागतात. "आता या वयात झेपत नाही," असा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. पुष्कळदा हा दोष वयाचा नसतो. आसन दोन खाचा पुढे किंवा मागे असते, एवढेच. मात्र तेवढ्यावरून व्यायाम सुटला, तर मांडीचे स्नायू क्षीण होत जातात आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याची शक्तीही हळूहळू ओसरते.

येथे विचार करायचा आहे तो पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकलीचा. दुकानदार तिला 'रिकम्बंट बाईक' म्हणतात. तिच्यावर बसताना उंच खोगिरावर चढावे लागत नाही, मनगटांवर भार येत नाही आणि कंबरेला आधार मिळतो. ही बैठक केवळ आरामाची आहे, असेही समजू नये. १९३३ साली पॅरिस येथे फ्रान्सिस फॉर याने अशाच बैठकीच्या सायकलीवर एका तासात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते आणि पुढच्याच वर्षी सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही रचना आपल्या अधिकृत विक्रमांतून वगळली. बैठक योग्य असेल, तर पायांना काम करणे किती सुकर होते, हे यावरून ध्यानात यावे.

आसनाचे अंतर

व्यायामाच्या वेळी घालायचे बूट घालूनच मोजमाप करावे. कंबर पाठीच्या टेक्याला पूर्ण भिडेल अशा रीतीने बसावे. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत दूर न्यावे. त्या स्थितीत गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर आणला, की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. तो साधारण २५ ते ३५ अंशांचा असावा. पाय लांबवताना कंबर एका बाजूला सरकत असेल, तर आसन दूर आहे असे समजावे. एक गुडघा अधिक दुखरा असेल किंवा पूर्ण सरळ होत नसेल, तर मोजमाप त्याच पायाचे धरावे.

पुढे दुखण्याची जागाच मार्ग दाखवते. आसन फार जवळ असेल, तर गुडघा जास्त वाकतो, वाटीवरचा दाब वाढतो आणि वेदना गुडघ्याच्या पुढच्या बाजूस जाणवते. अशा वेळी आसन एक खाच मागे न्यावे. गुडघ्यामागच्या लवणीत ओढ बसत असेल, तर एक खाच पुढे घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा, पाच मिनिटे सायकल चालवून पाहावी आणि दुसऱ्या दिवशी सांधा कसा आहे, याची वहीत नोंद ठेवावी.

घरात आजी-आजोबा दोघेही एकच सायकल वापरत असतील, तर विशेष दक्षता घ्यावी. उंच आजोबांनी मागे सरकवलेल्या आसनावर ठेंगण्या आजी तशाच बसतात, पाय पोहोचवण्यासाठी पुढे घसरतात आणि संध्याकाळी कंबर धरून बसतात. दोघांच्या खाचांवर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या, की प्रश्न मिटतो.

पाठ, मान आणि पाऊल

टेका आणि कंबर यांत पोकळी राहत असेल, तर टॉवेलची बारीक गुंडाळी तेथे ठेवावी. टेका फार मागे झुकवल्यास समोर पाहण्यासाठी मान उचलून धरावी लागते. पाठीला पोक आलेल्यांना तर याचा फार त्रास होतो. हातांची पकड सैल, कोपर किंचित वाकलेले आणि खांदे खाली असावेत. मूठ आवळून, श्वास रोखून पेडल मारल्यास रक्तदाब एकदम वाढू शकतो.

पावलाचा पट्टा पाय घसरणार नाही इतकाच आवळावा. बोटांना मुंग्या आल्यास तो सैल करावा. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते; त्यांनी व्यायामानंतर तळवे व बोटांच्या बेचक्या स्वतः पाहाव्यात किंवा घरच्यांकडून पाहून घ्याव्यात. चप्पल घालून सायकल चालवू नये आणि साडीचा घोळ पेडलमध्ये अडकणार नाही, याची काळजी घ्यावी.

किती आणि कसे

सुरुवात पाच मिनिटांची आणि सर्वांत हलक्या भाराची असावी. सायकल चालवताना सहज बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये, ही श्रमाची सोपी कसोटी होय. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीची गती फारशी वाढत नाही; म्हणून यंत्रावरच्या आकड्यापेक्षा ही कसोटी अधिक विश्वसनीय ठरते. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. तेथवर सावकाश पोहोचावे. या सायकलीने तोल सुधारत नाही आणि हाडांवर शरीराचा भारही पडत नाही, म्हणून चालणे व तोलाचे व्यायाम सोडू नयेत.

चढताना आधी आसनावर बसावे, मग पाय पेडलवर ठेवावेत. थांबण्यापूर्वी गती हळूहळू कमी करावी आणि दोन मिनिटे बसून मगच उठावे. एकदम उठल्यास घेरी येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखर जवळ ठेवावी. छातीत दाब, अनपेक्षित धाप किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबावे. दाब किंवा धाप विश्रांतीनेही न ओसरल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. एकाच पोटरीला सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, अथवा नुकताच हृदयविकाराचा उपचार झाला असेल, तर सांधा किती वाकवावा आणि श्रम किती करावेत, हे आपल्या शल्यचिकित्सकांना किंवा हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करावी.

हे सारे जुळवायला घरातील एका व्यक्तीचा अर्धा तास पुरतो. बसलेल्या व्यक्तीला आपली कंबर सरकताना दिसत नाही; ती शेजारी उभ्या असलेल्या मुलाला, सुनेला किंवा नातवाला दिसते. या रविवारी सायकलीवरचे टॉवेल काढावेत, वही-पेन घ्यावे आणि आई-बाबांच्या शेजारी उभे राहावे.