नावाला चढलेला भाव

मराठवाड्याला ‘संकरित’ हा शब्द नवा नाही. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले आणि ‘हायब्रीड’ हा इंग्रजी शब्द पाहता पाहता खेड्यापाड्यांच्या तोंडी रुळला. पुढे संकरित कापूस आला, संकरित गाय आली. प्रत्येक वेळी शेतकऱ्यापुढे प्रश्न एकच होता : जास्त पैसे मोजून जास्त काय मिळणार? त्याचे उत्तर क्विंटलमध्ये किंवा लिटरमध्ये मोजून घेता येत होते. आज त्याच मराठवाड्याच्या मुख्य शहरात, छत्रपती संभाजीनगरात, आणखी एका संकरित जिवाला गिऱ्हाईक लाभले आहे. तो जीव म्हणजे कुत्रा. मात्र येथे जास्त पैसे मोजून जास्त काय मिळते, हा प्रश्न फारसा कोणी विचारताना दिसत नाही.

वास्तविक दोन जातींच्या संकरातून जन्मलेले पिलू ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. एके काळी असे पिलू शेजारी-पाजारी फुकट दिले जाई, किंवा शुद्ध जातीच्या पिलापेक्षा कमी भावात मिळे. आता हा क्रम उलटला आहे. लॅब्राडोर आणि पूडल यांचा ‘लॅब्राडूडल’, कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा ‘कॉकापू’, माल्टीज आणि पूडल यांचा ‘माल्टीपू’, पॉमेरेनियन आणि हस्की यांचा ‘पॉम्स्की’ अशी जोडनावे धारण करणाऱ्या पिलांची किंमत पाच आकडी असते आणि काहींच्या बाबतीत ती सहा आकड्यांवरही जाते. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनाच्या सेवेत नव्याने रुजू होणाऱ्या लिपिकाचे मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. म्हणजे सिडकोतील किंवा गारखेड्यातील एखाद्या नोकरदार कुटुंबाने मुलांच्या हट्टापायी असे पिलू घ्यायचे ठरविले, तर घरातील एका माणसाचे कित्येक महिन्यांचे मूळ वेतन त्यात खर्ची पडू शकते. श्रीमंतांची हौस एवढेच म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही, तो यामुळेच.

या नावांचा उगम मोठा उद्बोधक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ काम करीत होते. हवाई बेटांवरील एका अंध महिलेला कुत्रा हवा होता. परंतु तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडोर व पूडल यांचा संकर घडवून आणला. तीन पिले झाली. त्यांपैकी एकच त्या दांपत्याच्या उपयोगी ठरले. उरलेल्या दोघांना सांभाळायला कोणी पुढे येईना. कारण प्रत्येकाला शुद्ध जातीचा कुत्रा हवा होता. तेव्हा कॉनरन यांनी या संकराला ‘लॅब्राडूडल’ हे नाव दिले, वृत्तपत्रांतून त्याचा बोलबाला झाला आणि मागणीचा ओघ सुरू झाला. पिले तीच होती. बदलले होते ते केवळ नाव. पुढे २०१९ मध्ये याच कॉनरन यांनी आपल्या प्रयोगाचे जे झाले त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

ज्या गुणांसाठी एवढी किंमत मोजली जाते, त्यांची स्थिती काय आहे? या कुत्र्यांमुळे ॲलर्जी होत नाही, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी २०११ साली घरोघरच्या धुळीचे नमुने तपासले, तेव्हा ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणविणारी कुत्री असलेल्या आणि इतर कुत्री असलेल्या घरांत ॲलर्जीकारक घटकाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. संकरित कुत्रे अधिक निरोगी असते, हा दुसरा दावा. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ साली नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत कॉकापू, लॅब्राडूडल व कॅव्हापू या संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली होती आणि नेहमीच्या आजारांपैकी बहुसंख्य आजारांत काहीही फरक दिसला नव्हता. संकर वाईट असतो, असा याचा अर्थ नव्हे. त्याच्यासाठी जादा किंमत मोजावी, असे कारण मात्र त्यात सापडत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग किंमत चढते का? मागणीची कारणे उघड आहेत. कुटुंबे लहान झाली, सदनिकांचे दरवाजे दिवसभर बंद राहू लागले आणि २०२० च्या टाळेबंदीत एकटेपणाची जाणीव तीव्र झाली. ब्रिटनमध्ये त्या एका वर्षात पिलांच्या किमती जवळपास दुप्पट झाल्या होत्या. पुरवठ्याच्या बाजूने पाहता, भारत सरकारने एप्रिल २०१६ मध्ये कुत्र्यांच्या व्यापारी आयातीवर कडक निर्बंध घातले आणि परदेशी जातींचे नवे रक्त मिळणे अवघड झाले. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. कुत्रीचा गर्भकाळ अवघा ६३ दिवसांच्या आसपास असतो आणि एका वेतात अनेक पिले होतात. ज्या मालाचा पुरवठा इतक्या लवकर वाढू शकतो, त्याचा भाव दीर्घकाळ चढा राहू नये, असे पाठ्यपुस्तक सांगते.

याचे उत्तर जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या एका प्रसिद्ध निबंधात मिळते. २००१ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेतले होते. मालाची खरी प्रत विक्रेत्याला ठाऊक असते, गिऱ्हाइकाला नसते. अशा बाजारात चांगला माल विकणाऱ्याला त्याचे योग्य मोल मिळत नाही आणि तो हळूहळू बाजूला होतो. वाईट माल तेवढा उरतो. पिलांच्या व्यवहारात नेमके हेच घडते. जो पैदासकार मादीला पुरेशी विश्रांती देतो, वेळेवर लसी टोचतो, आईबापांच्या आनुवंशिक दोषांची तपासणी करतो, त्याचा खर्च वाढतो. जो यांपैकी काहीच करीत नाही, तोही तेच नाव सांगून तोच भाव मागतो. दोन पिले शेजारी ठेवली तर दोन्ही सारखीच गोजिरवाणी दिसतात. मग जाणून घेण्याचे दुसरे साधन नसल्यामुळे गिऱ्हाईक किमतीलाच गुणवत्तेची खूण समजते. महाग आहे, त्या अर्थी अस्सल असणार! अशा स्थितीत भाव उतरविणे विक्रेत्यालाच परवडत नाही.

येथे शेतकऱ्याची आठवण पुन्हा येते. संकरित बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का, शुद्धता, तपासणीची तारीख छापावी लागते. १९६६ च्या बियाणे अधिनियमाचे ते बंधन आहे. बोगस बियाणे तरीही विकले जाते, पण पावती हाती असलेल्या शेतकऱ्याला तक्रारीची जागा आहे. शिवाय संकरित वाणाचे दाणे पुढल्या वर्षी पेरले तर तेच पीक येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. कुत्र्यांच्या संकरालाही हाच नियम लागू पडतो. पहिल्या पिढीतील पिले बरीचशी सारखी असतात. दुसऱ्या पिढीत केस, आकारमान, स्वभाव सारेच विखुरते. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वंशावळीत अशा संकरांना स्थान नाही. तेव्हा पिलाचे आईबाप कोण, याला विक्रेत्याच्या शब्दापलीकडे सहसा पुरावा नसतो.

या व्यवहाराची खरी किंमत गिऱ्हाइकाच्या खिशावर संपत नाही. पहिला भार पडतो तो मादीवर. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार १८ महिन्यांहून लहान मादीपासून पैदास करता येत नाही, वर्षातून एकच वेत घेता येते आणि उभ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास मनाई आहे आणि पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. भाव चढा असला म्हणजे या प्रत्येक नियमाचा मोह विक्रेत्याला पडतो. कारण प्रत्येक जादा वेत म्हणजे लाखांची कमाई. दुसरा भार त्या पिलावर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आठवडा-आठवडा वाट पाहिलेल्या या शहरात हस्कीचे रक्त असलेला दाट केसांचा जीव आणून ठेवणे, ही प्राण्यावरील मायेची खूण म्हणता येईल काय? तिसरा भार समाजावर. खाणे, लसी, केसांची निगा, पशुवैद्य यांचा खर्च दहा-बारा वर्षे चालतो. तो झेपेनासा झाला की अनेकदा कुत्रे गावाबाहेर सोडले जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांच्या निर्बीजीकरणाचा भार महापालिकेवर आणि चावल्यानंतर टोचायच्या लसीचा भार घाटीसारख्या सरकारी रुग्णालयावर पडतो. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, असा हा हिशेब आहे.

यातील विसंगती अशी की, ज्याचे नाव जगभर गेले, असा कुत्रा मराठवाड्याच्या दाराशीच आहे. लातूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा ‘कारवानी’ हा अंगाने सडपातळ, वाऱ्यासारखा धावणारा आणि याच उन्हात, याच भाकरीवर वाढलेला. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कुळातील कुत्र्यांना राजाश्रय दिला आणि ‘मुधोळ हाउंड’ म्हणून त्यांची कीर्ती झाली. २००५ साली टपाल तिकिटावरही तो झळकला. सदनिकेत कोंडून ठेवण्याजोगा हा प्राणी नव्हे, हे खरे. ज्यांच्याकडे मोकळी जागा नाही, त्यांच्यासाठी गल्लीतले गावठी पिलू आहेच. तेही मूळचे याच हवामानातले आणि बहुधा एका पैशालाही न मिळणारे नव्हे, तर एका पैशाविना मिळणारे.

हौसेवर बंदी घालणे शासनाचे काम नव्हे आणि ते शक्यही नाही. परंतु बाजारात माहितीचा उजेड पाडणे शक्य आहे. नोंदणीकृत पैदासकारांची यादी महापालिकेने व पशुसंवर्धन खात्याने शहरात जाहीर करावी. नोंदणी क्रमांकाशिवाय होणाऱ्या विक्रीच्या जाहिरातींवर कारवाई व्हावी. गिऱ्हाइकाने पिलाच्या आईला प्रत्यक्ष पाहण्याचा, लसीकरणाची नोंद व पावती मागण्याचा आग्रह धरावा. पावती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा दरवाजा ठोठावता येतो. आई दाखविण्यास जो विक्रेता कां-कू करतो, त्याच्याकडून परत फिरावे. हे बंधन प्रत्येक गिऱ्हाइकाने पाळले, तर अध्यादेशाविना भाव जागेवर येतील.

बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी ती उलटीपालटी करून वाचतो; कारण त्याचे वर्ष त्या पिशवीवर अवलंबून असते. पिलू घरी आणणाऱ्या कुटुंबाची तर दहा-बारा वर्षे त्या निर्णयाशी बांधली जातात, आणि एका मुक्या जिवाचे सबंध आयुष्य. तेव्हा निदान शेतकऱ्याइतकी चौकशी तरी सुशिक्षितांनी करायला हवी.