मैदानातून दुकानात

पस्तिशीत खेळ संपतो. संसार मात्र संपत नाही. भिलाईच्या पोलाद-वसाहतीतील सिविक सेंटरमध्ये एखादा निवृत्त खेळाडू विक्रेता म्हणून उभा राहिला, तर गिऱ्हाईक पहिल्या वेळी त्याचे नाव ऐकून येईल. दुसऱ्या वेळी येईल ते मालाच्या आणि शब्दाच्या भरवशावर. हा भेद ज्याला उमगला नाही, तो मैदान गाजवूनही दुकानात खचतो.

मग खेळातले उपयोगी काय पडते? १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रास येथे बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावात ३२ षटकांत त्यांनी अवघ्या ५ धावा दिल्या. बळी मात्र एकही मिळाला नाही. तरीही त्यांचा टप्पा ढळला नाही. विक्रेत्याचेही पुष्कळ दिवस असेच जातात. दहा दारी नकार मिळाल्यावर अकराव्या दारी तितक्याच सौजन्याने बोलणे खेळाडूला निराळे शिकवावे लागत नाही.

त्याला शिकावे लागते ते मालाचे ज्ञान आणि गिऱ्हाइकाची गरज ऐकून घेणे. मैदानात समोरच्याला हरवायचे असते. येथे त्याचे हित साधले, तरच आपले साधते.